सगळ्या बसमध्ये एकच स्वच्छ नट

सबनीसकाकांचं चांगलं सांगायचं म्हटलं तर खूप आहे, आणि मी आधी तेच सांगते, कारण दुसरं सांगायला लागले की मला धाप लागते आणि सगळं उलटसुलट होतं. एवढंच सांगून ठेवते की माझ्या नवऱ्याचं, परीच्या पप्पांचं लायसन आज अडकून पडलंय ते काकांच्या एका वाक्यामुळं. आणि ते वाक्य ते बोलले त्या दिवसापर्यंत, पुण्यात तुझं माहेर कुठलं असं कुणी विचारलं असतं तर मी त्यांचंच नाव घेतलं असतं.

मार्केट यार्डाच्या मागं ट्रॅव्हल्सच्या बसचं एक गॅरेज आहे, तिथल्याच एका खोलीत आम्ही राहायचो. परीचे पप्पा शेठची स्लीपर बस चालवायचे, पुणे-नागपूर, आणि मी बसमधले पडदे, उशांचे अभ्रे, ब्लँकेटं धुवायची. आम्ही वाशिमकडचे. माझं शिक्षण आठवी, नववीत दोन महिने गेले तेवढेच. आणि मोठ्या गाड्यांची मला इतकी भीती की ब्रेकची हवा फुस्स करून सुटली की परी माझ्या छातीला चिकटायची आणि मी भिंतीला.

काका त्या गॅरेजचे हवेचे मिस्त्री. म्हणजे असं, की या मोठ्या बसला आता खाली लोखंडाचे पाटे नसतात, काळ्या रबराचे जाड फुगे असतात, बेलो म्हणतात त्याला, त्यात हवा असते आणि अख्खी बस त्या हवेवर बसलेली असते. हे मला कळलं तेव्हा मी हादरलेच, एवढी माणसं, सामान, आमचे हे, सगळे हवेवर! तर बस एका बाजूला झुकायला लागली, मागून बसली, पुढून उचलली, की काकांकडं यायची.

रोज सकाळी दहाला ते सदाशिव पेठेतून स्कूटरवर यायचे, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून. गॅरेजमध्ये पांढरा शर्ट! दिवसातून दहा वेळा बसखाली जायचे आणि शर्टाला डाग नाही. "डाग पडला म्हणजे कुठं हात लावायचा ते आधी ठरवलं नव्हतं," असं म्हणायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत, शिवी नाही, पण समोरचा माणूस सोलून निघायचा. एकदा एक बाहेरचा ड्रायव्हर आला, म्हणाला, "काका, जरा माझी गाडी बघता का?" काकांनी मान वळवून गाडीकडं बघितलं. "बघितली. रंग छान आहे. अजून काही?"

मला ते वाशीमकर म्हणायचे. मी एकदा चुकून "का"च्या ऐवजी "काहून?" म्हणून गेले, तर दोन दिवस माझ्या मागं, "वाशीमकर, चहा झाला का? नाही? काहून?" मी रागवायची नाही. उलट पुण्यात येऊन पाच वर्षांत कुणीतरी माझ्याशी चेष्टा करतंय याचंच मला बरं वाटायचं.

त्यांचं काम करायचं एक ठरलेलं होतं. आधी जमीन, मग हवा, आणि दांडी सगळ्यात शेवटी. जमीन म्हणजे खरोखर जमीन. गॅरेजच्या फरशीवर त्यांनी पाण्याची नळी धरून, गवंडी धरतात तशी, सपाट जागा शोधली होती आणि तिथं चार चाकांच्या खुणा करून ठेवल्या होत्या. बस तिथंच उभी करायची. एक मालक आले, म्हणाले, माझी गाडी डावीकडं झुकते, दोन ठिकाणी दाखवली, कुणाला जमत नाही. काका म्हणाले, "तुम्ही रोज कुठं उभी करता?" ते म्हणाले, घरासमोर. काका त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेले आणि त्यांना बस तोंड फिरवून उभी करायला लावली. बस उजवीकडं झुकली. काका म्हणाले, "गाडीला काही झालं नाही. रस्त्याला औषध माझ्याकडं नाही." हे त्या मालकानंच परत येऊन हसत हसत सगळ्यांना सांगितलं होतं.

मग हवा. हवा कुठून गळते ते शोधायचं म्हणजे टाक्या भरून इंजिन बंद करायचं आणि ऐकायचं. काका "मौन!" म्हणायचे आणि अख्खं गॅरेज गप्प व्हायचं, शेठसुद्धा फोन खाली धरायचे. बाहेर यार्डातला टेम्पो हॉर्न मारायला लागला तर काका गेटापर्यंत जाऊन सांगायचे, "हळू. आत पेशंट आहे." एकदा असंच मौन चाललं होतं, मी पडदे काढायला बसमध्ये चढलेली, आणि मला मागच्या बाजूनं बारीकसं सीऽऽ ऐकू आलं. खाली उभ्या असलेल्या कुणालाच येत नव्हतं. मी घाबरत सांगितलं, काकांनी शांपूच्या बाटलीतलं साबणाचं पाणी तिथं टाकलं आणि बुडबुडे आले. ते माझ्याकडं बघत राहिले.

"वाशीमकर, हे तुला कसं ऐकू आलं?"

मी म्हटलं, "काका, परी दहा दिवसांची असताना आजारी होती, ती श्वास घेतीय का ते मी महिनाभर ऐकत बसायची. तेव्हापासून मला सगळंच ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साबणाच्या पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "भित्र्या माणसाचे कान फार कामाचे. आजपासून अर्धा दिवस तू माझ्याकडं." शेठ हसले, म्हणाले, "धुणंवाली आता मिस्त्री होणार का?" काका म्हणाले, "तुम्ही मालक झालात, तेव्हा कुणी हसलं होतं का?"

दांडीचं त्यांनी मला फार सोप्यात शिकवलं. म्हणाले, परीला कडेवर घेतलंस की तू कंबर दुसऱ्या बाजूला टाकतेस ना, वजन आलं की शरीर आपोआप सावरतं, तसं बसला सावरायला लेव्हल व्हॉल्व्ह असतो. त्याला एक बारीक दांडी असते, माणसं चढली, बस खाली आली, की दांडी वर होते आणि बेलोत हवा जाते, माणसं उतरली की हवा सुटते. मागं असे दोन व्हॉल्व्ह, डावा आणि उजवा. त्यांचं जमलं नाही तर दोन जावांसारखं होतं, एक भरते, दुसरी सांडते, आणि मधल्यामधी पंप दिवसभर मरतो. दांडीचा नट फिरवला की उंची बदलते, म्हणून ज्याला घाई असते तो आधी नटच फिरवतो, बस सरळ दिसते, पण ती कशामुळं झुकली ते तसंच राहतं. एका मेकॅनिकनं असं केलं तर काकांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "घरात कुणाला ताप आला की तू थर्मामीटर फोडतोस का?"

आणि नट घट्ट केला की त्याच्यावर पांढरी रेघ मारायची, नट आणि दांडी दोन्हीवरून मिळून एक. नंतर कुणी नट हलवला तर रेघ तुटलेली दिसते. शाळेत खोडायला वापरतात ते व्हाइटनरचं पेन काकांच्या खिशात असायचं. पण त्यांचा हात थरथरायला लागला होता, म्हणून वर्षभर रेघा मीच मारायची. "बारीक मार. रांगोळी नाही काढायची." मला त्या रेघेचा फार अभिमान वाटायचा. गॅरेजमधून बस बाहेर पडली की मी परीला सांगायची, बघ, तिच्याखाली मम्मीनं सही केलीय.

"चाळीस वर्षं झाली, माझ्या हातची एक गाडी परत आली नाही," हे काका आठवड्यातून एकदा तरी म्हणायचेच. तेव्हा ते मला ऐकायला गोड वाटायचं.

तर तो दिवस. लग्नसराई होती, सगळ्या बस भरलेल्या, आणि यांचीच बस डावीकडं झुकली. संध्याकाळी साडेपाचला निघायचं होतं, आता दुपारचे दोन. आधी जमीन बघितली, खुणांवर उभी केली. मग मौन. मी चारी बाजूंनी ऐकलं, कुठंच हवा नाही. मग काका खाली गेले आणि मला बॅटरी धरायला सांगितली. अॅक्सल जागेवर धरणारा एक जाड रॉड असतो, त्याचं रबरी बुश संपलं होतं, म्हणून अॅक्सल सरकला होता आणि डावा बेलो शेजारच्या लोखंडाला घासत होता. घासून घासून एवढासा भाग चकचकीत झालेला. काकांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं, "बघ. आजार इथं आहे."

बाहेर येऊन त्यांनी शेठना सांगितलं. बुश परवा मिळणार होतं. शेठ म्हणाले, "काका, एक ट्रिप. फक्त सरळ करून द्या, पॅसेंजरला वाकडी दिसायला नको. आल्यावर सगळं करू." मला वाटलं आता काका काहीतरी असं बोलतील की शेठ गप्प होतील. मी वाट बघत होते. काका म्हणाले, "बघू या." आणि परत खाली गेले, आणि त्यांनी दांडीचा नट फिरवला. बस हळूहळू सरळ झाली. मला म्हणाले, "रेघ मार." मी म्हटलं, "पण काका, ते घासतंय." ते म्हणाले, "मार गं. वेळ झालाय." मी मारली. त्यांनी कार्डावर लिहिलं, उंची जुळवली, ठीक. आणि यांना म्हणाले, "सावकाश जा, गजानन." बेलोचं एक अक्षर सांगितलं नाही. मी पण नाही सांगितलं. का नाही सांगितलं ते मी रोज स्वतःला विचारते. मला वाटलं, काकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांचा फोन आला, नागपूर तासाभरावर होतं, वळणावर डावीकडून मोठा आवाज झाला आणि बस एका बाजूला बसली, दुभाजकाला घासत गेली. वरच्या बर्थवरून एक आजीबाई पडल्या, त्यांचा हात मोडला. बाकी सगळे वाचले. हे फोनवर नुसते म्हणत होते, "मी हळूच होतो वं, मी हळूच होतो."

शेठनी पोलिसांना सांगितलं की ड्रायव्हरनं रस्त्यात दांडी फिरवून गाडी उचलली असणार, म्हणून बेलो फुटला. काही ड्रायव्हर करतात तसं, स्पीडब्रेकरला खालून लागू नये म्हणून, त्यामुळं सगळ्यांना ते पटलं. यांचं लायसन काढून घेतलं, चौकशीची तारीख दिली. लायसन कायमचं गेलं तर यांना दुसरं काहीच येत नाही, खोली शेठची, माझं काम शेठचं.

दोन दिवसांनी बस क्रेननं ओढत गॅरेजमध्ये आली, खालून वर धुळीनं माखलेली, चाकात गवत अडकलेलं. काका दहाला आले आणि मी परीला तशीच टाकून त्यांच्याकडं पळत गेले. म्हटलं, "काका, रेघ आहे ना! ती जुळलेली दिसली म्हणजे यांनी हात लावला नाही हे विम्याच्या साहेबांना लगेच कळेल." त्यांच्या हातात हेल्मेट होतं. त्याच्याकडंच बघत म्हणाले, "बरोबर आठवण केलीस. साहेब उद्या येणार आहेत."

मी केवढी खूश. रेघ जुळलेली म्हणजे दांडी काकांनीच फिरवलेली ठरते, हे पुढचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं असतं तरी मी तेच केलं असतं, कारण मला वाटत होतं काका खरंच बोलणार, त्यांना कुणाची भीती?

दुसऱ्या दिवशी विम्याचे सर्व्हे करणारे साहेब आले. त्यांनी खाली जाऊन बघितलं, बाहेर आले आणि विचारलं, "दांडी फिरवलेली आहे. कुणी फिरवली?" शेठ काकांकडं बघायला लागले. काका सरळ उभे, शर्ट पांढराशुभ्र. म्हणाले, "आमच्याकडून गाडी बरोबर गेली होती. दांडी नंतर कोणीतरी फिरवली."

मला आधी कळलंच नाही की हे काका बोलले. मग मीच पुढं झाले, म्हटलं, "साहेब, असं नाही, नटावर पांढरी रेघ आहे, मी मारलीय, काकांनी फिरवला आणि मी मारली, तुम्ही बघा, ती जुळलेली असेल." साहेब म्हणाले, "दाखवा." मी बसखाली गेले, बाहेर परी रडत होती. बॅटरी मारली. रेघ नव्हती.

नट चकाकत होता. सगळ्या बसवर बोटभर धूळ, आणि तो एकच नट आंघोळ घातल्यासारखा. जवळ गेले तर थिनरचा वास. मला माझी रेघ पुसल्याचं काही नाही वाटलं, म्हणजे वाटलं, पण त्याच्या आधी हे वाटलं की त्यांना आठवण मी करून दिली.

मी खालूनच ओरडले, "साहेब, यांनी पुसला असता तर पुढच्या रस्त्याची धूळ त्याच्यावर बसली नसती का? हा इथं पुसलाय! वास घ्या!" साहेबांनी वाकून बोट लावलं, वास घेतला, आणि काकांना विचारलं, "या काय म्हणतायत?"

काका म्हणाले, "या बाई पडदे धुतात. कान चांगले आहेत त्यांचे. बाकीचं त्यांना समजत नाही."

या बाई. मी तिथं बसखालीच होते, बॅटरी नटावर धरून.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी मोबाइलवर नटाचा फोटो काढला, म्हणाले, "फोटो मी रिपोर्टला लावतो. पण नुसत्या फोटोनं ठरत नाही. काम ज्यानं केलं त्यानं तारखेला येऊन सांगितलं तर गोष्ट वेगळी." शेठनी आम्हाला आठ दिवसांत खोली सोडायला सांगितली.

तारखेच्या आदल्या शनिवारी मी परीला घेऊन सदाशिव पेठेत गेले. हे नको म्हणत होते, "कायले जाते त्यांच्या दारात?" पण मी गेले. दुसरा मजला, बेल वाजवली, काकांनी दार अर्धं उघडलं. घरात पण इस्त्रीचा शर्ट. परी "काका!" म्हणून त्यांच्या पायाला मिठी मारायला गेली, तिला काय माहीत. आतून काकूंनी विचारलं, "कोण आहे हो?" काका म्हणाले, "कोणी नाही. पत्ता विचारतायत."

मी हळू आवाजात म्हटलं, "काका, मंगळवारी तारीख आहे. तुम्ही फक्त खरं सांगा. यांच्या लायसनचं आहे. मी तुमच्याबद्दल कुणाला काही बोलणार नाही."

ते खाली परीकडं बघत होते. म्हणाले, "किती वाजता?"

"अकरा."

"बघतो."

जिना उतरताना मी परीला म्हटलं, किती वाजता विचारलं त्यांनी, म्हणजे येणार. दोन मजले उतरेपर्यंत मी तेच म्हणत होते. रस्त्यावर आल्यावर मात्र आठवलं, पाच वर्षांत पुण्यात मला जे जे कुणी बघतो म्हणालं होतं त्यातलं कोण आलं.

मंगळवारी आम्ही दहालाच लायसनच्या ऑफिसात जाऊन बसलो, बाहेरच्या बाकावर. हे कागद उलटेसुलटे करत होते. मी फक्त गेट बघत होते. आणि अकराला दहा कमी असताना काका आले. खरंच आले. गेटाच्या आत स्कूटर स्टँडला लावली, हेल्मेट काढलं, केसांवरून हात फिरवला आणि ऑफिसच्या पाटीकडं बघत उभे राहिले. मी यांचा हात घट्ट धरला. "आले," म्हटलं, "आले हो." मी उठून उभी राहिले. त्यांनी मला बघितलं. आमच्यात एवढंसं अंगण होतं.

त्यांनी हेल्मेट परत घातलं.

स्कूटर स्टँडवरून काढली, वळवली, किक मारली. चालू झाली नाही. परत मारली. नाही झाली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, एवढा म्हातारा माणूस, घाम आला असेल, शर्ट पाठीला चिकटलेला मला इथून दिसत होता. तेवढ्या वेळात एखादा सहज परत फिरला असता. मी हाक मारली नाही. मला वाटत होतं, हाक मारली तर ते माझ्यामुळं आले असं होईल, त्यांनी आपले आपण यायला पाहिजे. पाचव्या किकेला स्कूटर चालू झाली आणि ते गेटातून बाहेर पडून वळले, मागं न बघता, डावीकडचा दिवा देऊन, नियमानं.

आत शिपायानं यांचं नाव पुकारलं. मी परीला कडेवर घेतलं आणि म्हटलं, "चला, मी सांगते."